टनामागची कपात

हडपसरच्या पुढे मांजरी बुद्रुकला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. 1975 मध्ये ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झाली. उसाचे नवे वाण, माती परीक्षण, कारखान्यांना तांत्रिक सल्ला हे तिचे काम. कारखाने गाळपावर टनामागे जी वर्गणी देतात, तिचा तिला मोठा आधार.

टनामागे पैसे वळते करण्याची रीत मात्र या संस्थेहून जुनी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, त्यानंतरच्या काळात उसाच्या बिलातून ठेवी कापून कारखाने वाढले, शाळा-कॉलेजे निघाली. बिल हाती पडण्याआधीच रक्कम गेलेली असते, म्हणजे सारा कारभार चेअरमनवरच्या विश्वासाचा. समोर शाळा उभी राहताना दिसे, तोवर हा विश्वास रास्तही होता.

मग या विश्वासाची कसोटी लागली. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानासारखे न्यास काढले. 31 ऑगस्ट 1981 रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी त्यांचा जमाखर्च उघड केला. सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळे. बिल्डरांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेले सिमेंट यांचा मेळ शौरी यांनी कागदोपत्री दाखवला. मृणाल गोरे, प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. 12 जानेवारी 1982 रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी ठपका ठेवला आणि अंतुले पायउतार झाले. पत्रकाराच्या शब्दाला तेव्हा वजन आले ते या कागदांमुळे.

या न्यासांना देणग्या देणाऱ्यांत सहकारी साखर कारखानेही होते. तो पैसा अखेर ऊस उत्पादकाचा. तरी प्रकरण लोकांच्या तोंडी राहिले ते 'सिमेंट घोटाळा' म्हणून. बिल्डरचा चेक सर्वांना आठवतो, उसाचा पैसा विसरला गेला, हे मला फार खटकते. मुख्यमंत्री बदलला, कापून घेण्याआधी सभासदाला विचारायचे, हे मात्र रुजले नाही.

2025-26 च्या हंगामासाठी सरकारने टनामागे 15 रुपये घ्यायचे ठरवले: 10 मुख्यमंत्री सहायता निधीला, 5 पूरग्रस्तांना. शेतकरी संघटना उसळल्या, तेव्हा ही रक्कम कारखान्यांच्या नफ्यातून घेणार असल्याचा खुलासा झाला. त्याच सुमारास मांजरीच्या संस्थेला मिळणाऱ्या टनामागच्या रुपयाचा विनियोग तपासायचेही ठरले. तक्रार नाही, फक्त माहिती मागवली आहे, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. ही माहिती सभासदाला दरवर्षी, न मागता, उसाच्या बिलासोबतच मिळायला हवी.