वर्गाकडून वर्तुळाकडे

बाळंतपणाचे ज्ञान पहिलटकरणीपर्यंत कोणी आणि कसे पोचवावे? या प्रश्नाला विसाव्या शतकाने दिलेली उत्तरे तपासली, तर वैद्यकाच्या इतिहासातला एक दुर्लक्षित धागा हाती लागतो. प्रसूती घरी होत असे तोवर हे ज्ञान आई, आजी आणि सुईण यांच्या बोलण्यातून सहज झिरपत असे. पाश्चात्त्य देशांत प्रसूती रुग्णालयात गेली आणि हा संवाद तुटला. ती पोकळी भरण्यासाठी वर्ग निघाले.

भीतीने शरीर ताठरते आणि ताठरल्याने वेदना वाढते, असे प्रतिपादन ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ साली 'नॅचरल चाइल्डबर्थ' या पुस्तकात केले. फेरनां लामाझ यांनी १९५१ साली सोव्हिएत रशियात वेदनारहित प्रसूतीची पद्धत पाहिली आणि पॅरिसमधील धातुकामगार संघटनेच्या रुग्णालयात ती रुजवली. १९६० साली अमेरिकेत तिच्या प्रसारासाठी संस्थाही निघाली. या वर्गांनी स्त्रीला श्वासाचे तंत्र दिले, धीर दिला, यात शंका नाही. परंतु वर्गाची रचना शाळेचीच राहिली. जाणकाराने सांगावे, इतरांनी ऐकावे. शिवाय शिक्षण एकीकडे आणि तपासणी दुसरीकडे, ही फारकतही कायम राहिली.

ही फारकत मिटवण्याचा लक्षणीय प्रयत्न एका परिचारिका-सुईणीने केला. शॅरन शिंडलर रायझिंग यांनी १९९३-९४ च्या सुमारास अमेरिकेतील कनेटिकट राज्यात 'सेंटरिंग प्रेग्नन्सी' हा उपक्रम सुरू केला. साधारण एकाच सुमारास प्रसूत होणाऱ्या आठ ते बारा स्त्रियांचा एक गट करायचा आणि गरोदरपणात दहा बैठका घ्यायच्या, प्रत्येक सुमारे दोन तासांची. स्त्रिया स्वतःच आपले वजन आणि रक्तदाब मोजून नोंदवतात. सुईण खोलीच्या एका कोपऱ्यात एकेकीचे पोट तपासते. मग सगळ्या गोलाकार बसतात. एकीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसरीच देते आणि सुईण चर्चेची दिशा तेवढी सांभाळते. आपले आकडे आपल्या हाताने लिहिणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी कृती आहे. पण 'रुग्ण' या भूमिकेतून बाहेर पडण्याची पहिली पायरी तीच होय.

याचा उपयोग झाला का? न्यू हेवन आणि अटलांटा येथील १,०४७ तरुण स्त्रियांच्या अभ्यासात (२००७) मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण गटांत ९.८ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत १३.८ टक्के आढळले. मात्र चार चाचण्यांतील २,३५० स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात असा निर्णायक फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली काटेकोर संशोधनाच्या चौकटीतच ही पद्धत सुचवली.

तेव्हा या उपक्रमाचे भाबडे गुणगान करण्याचे कारण नाही. तरीही दहा बैठकांत मिळणारे सुमारे वीस तास आणि ताटकळल्यानंतर वाट्याला येणारी काही मिनिटांची तपासणी, यांतील अंतर केवळ मुदतपूर्व जन्मांच्या टक्केवारीने मोजता येणार नाही. रुग्णालयाने प्रसूती सुरक्षित केली, हे ऋण मोठेच आहे. परंतु त्या सुरक्षिततेची किंमत म्हणून पहिलटकरणीने एकटे पडावे, हे अटळ नव्हते. वर्तुळात मांडलेल्या काही खुर्च्यांनी एवढे नक्कीच दाखवून दिले.