पाली साहित्यातील 'देव' म्हणजे कोण?

पाली सुत्तांत इंद्र, ब्रह्मा ही वैदिक परंपरेतील नावे वारंवार येतात. त्यावर बोट ठेवून "बुद्धही देव मानत होते, मग तुमच्या २२ प्रतिज्ञांचे काय?" असे आपल्या तरुणांना विचारले जाते. म्हणून मूळ अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

पालीत 'देव' म्हणजे ईश्वर नव्हे. बौद्ध परंपरेने सांगितलेल्या ३१ लोकांपैकी २६ देव आणि ब्रह्मांचे आहेत. तेथील सत्त्वे दीर्घायुषी व सुखी असतात, पण कर्मफळ संपताच त्यांनाही मरण येते. अनित्यतेतून सक्क, म्हणजे इंद्रही, सुटलेला नाही.

सृष्टिकर्त्याची कल्पना कशी जन्मली, हे दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्त सांगते. रिकाम्या ब्रह्मलोकात एक सत्त्व आधी जन्मते. त्याला सोबतीची इच्छा होते आणि पुढे दुसरी सत्त्वे तेथे जन्मतात. ती आपणच निर्माण केली, असे पहिल्याला वाटते आणि इतरही ते खरे मानतात. केवट्ट सुत्तात तर महाब्रह्मा प्रश्न घेऊन आलेल्या भिक्खूला बाजूला नेतो, उत्तर माहीत नसल्याचे कबूल करतो आणि त्याला बुद्धांकडे परत पाठवतो.

हे देव निर्माते नाहीत, सर्वज्ञ नाहीत आणि मुक्तिदातेही नाहीत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची आहे. सुत्ते वाचल्याने ती मोडत नाही. उलट, ती का घेतली हे अधिक स्पष्ट होते.