मँचेस्टर म्हणवून घेताना

परवा आमच्या मागच्या गल्लीत एका शेडपुढं टेम्पो लागला होता. आतले सहा साधे माग तोडून किलोवर भंगारात चालले होते. मालक दारात उभे. मला बघून म्हणाले, "लिहू नका काही." म्हणून नाव लिहीत नाही. पण तिथं उभं राहून जे डोक्यात आलं ते लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

पहिला प्रश्न असा, की इचलकरंजीत कापडच का? आपल्याकडं कापूस नाही, ऊस पिकतो. रेल्वे पकडायला हातकणंगल्याला जावं लागतं. बंदर नाही, कोळशाची खाण नाही. नकाशा बघून कुणी कापडधंद्यासाठी हे गाव निवडलं नसतं.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग चालवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर आज त्या मागाची फक्त आठवण राहिली असती. राजाश्रयानं निघालेला एखादा कारखाना पुष्कळ गावांत होता. इथं वेगळं घडलं ते हे, की एकाचं बघून दुसऱ्यानं माग टाकला, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं.

माग वाढले तशी त्यांच्याभोवती माणसं जमली. सुताचे व्यापारी आले. सायझिंग आलं, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देऊन बीम भरून देणारे. वहिफणीवाले, कांडीवाले, जॉबर, घडीवाले, सुटे भाग बनवणारे, अडते. मुंबईच्या गिरणीत ही सगळी खाती एका छपराखाली असायची. इचलकरंजीत तीच खाती गल्ल्यागल्ल्यांत पसरली. गावच गिरणी झालं. म्हणून तर घर गहाण टाकून चार माग घेणारा माणूस इथं कारखानदार होऊ शकला. बाकीचं सगळं शेजारी तयार होतं. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या, तेव्हा यंत्रमागाच्या गावांनी बाजार उचलला तो याच जोरावर.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञानं 1890 च्या ग्रंथात हेच मांडलंय. एक धंदा एका जागी गोळा झाला की तीन गोष्टी होतात: कसबी कामगार मिळतो, पूरक धंदे उभे राहतात आणि धंद्यातली अक्कल गावभर पसरते. आपल्याकडं चहाच्या गाड्यावर सुताचा भाव आणि जॉबरचा पत्ता एकदमच कळतो, ते हेच.

पण या गोतावळ्याची दुसरी बाजूही आहे. 2015 साली सायझिंग कामगारांनी किमान वेतनासाठी संप केला. बीम मिळेना म्हणून ज्यांचा त्या भांडणाशी संबंध नव्हता त्यांचेही माग थांबले. एक कडी तुटली की सगळी साखळी लोंबकळते. दुसरं म्हणजे, अक्कल पसरते तशी नक्कलही पसरते. एकाची क्वालिटी चालली की महिन्यात शंभर जण तेच विणतात, भाव पडतो. मग खर्चीवाल्याची पिकाची मजुरी कापली जाते आणि शेवटी बारा तास उभ्या असलेल्या कामगाराची. पंचगंगेला काय भोगावं लागलं, ते नदीकाठच्यांना सांगायला नको.

आता नावाबद्दल. आपण अभिमानानं 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणवून घेतो. खऱ्या मँचेस्टरचं काय झालं? पहिल्या महायुद्धाआधी लँकेशायरचं कापड जगभर जायचं. त्यांच्याकडं कसब होतं, पूरक धंदे होते, सगळं होतं. पण जुन्या मागांवर सगळ्यांचंच बरं चाललं होतं, म्हणून बदलायची घाई कुणालाच नव्हती. जपानमध्ये, भारतात स्वस्त कापड निघू लागलं आणि बाजार गेला. 1959 साली ब्रिटिश सरकारनं कायदा करून जुनी यंत्रं मोडीत काढायला पैसे दिले. त्यांचाही टेम्पो आला होता, फक्त सरकारी.

माझं म्हणणं एवढंच आहे. नव्या मागाला अनुदान मिळतं, चांगलंच आहे. पण ते ज्याच्याकडं स्वतःचं भांडवल आहे त्याच्यापर्यंत पोचतं. चार-सहा मागवाल्याला आधी जे सामायिक आहे ते हवं: परवडणारं सायझिंग, सांडपाण्याची सोय, कापड तपासणी, नवं डिझाईन. 2022 मध्ये गावाची महापालिका झाली. प्रत्येक निवडणुकीत वीजदर सवलतीवर भाषणं होतात. या सामायिक गोष्टींवर किती झाली, आठवून बघा.

त्या टेम्पोतून फक्त सहा माग गेले नाहीत. एका सायझिंगचे बीम कमी झाले, एका वहिफणीवाल्याचा आठवडा रिकामा गेला, एका जॉबरनं दुसरं गाव बघायला घेतलं. आधी माग वाढले तशी माणसं जमली होती. आता उलटी मोजणी आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे.

तुमच्या गल्लीत पाच वर्षांपूर्वी किती माग होते, आज किती आहेत? कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, आकडे द्या.