गाणं सगळ्यांना पाठ, कवी कुणाला ठाऊक?



डिसेंबर सरत आला की मोबाईलवरची गाण्याची अ‍ॅप आपण वर्षभर काय ऐकलं याची यादी काढून देतात. माझ्या यादीत सगळ्यात वर 'दोनच राजे', त्याखाली वामनदादा कर्डकांची चार-पाच गाणी, प्रल्हाद शिंदे, एकतारीवरच्या कडुबाई खरात, मधेच तमिळ रॅपर अरिवू आणि घरातल्या पोरांच्या कृपेने संजू राठोडचं 'गुलाबी साडी'. यादी चांगली आहे. मला खटकलं ते वेगळंच. गाण्याखाली गायकाचं नाव आहे, कंपनीचं नाव आहे, किती लाख लोकांनी ऐकलं तो आकडा आहे. भीमगीतांखाली कवीचं नाव मात्र शोधून सापडत नाही.

'दोनच राजे इथे गाजले' हेच गाणं घ्या. 14 एप्रिलला हे गाणं वाजलं नाही असा जळगाव-धुळ्यातला एक चौक दाखवा. एक राजा रायगडावर, दुसरा चवदार तळ्यावर. 1674 चा राज्याभिषेक आणि 1927 चा सत्याग्रह एका कल्पनेत बांधणारं हे गाणं मराठा पोरंही म्हणतात आणि बौद्ध पोरंही. ते लिहिलं प्रतापसिंग बोदडे यांनी. ते आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचे, वामनदादांचे शिष्य, 2022 मध्ये गेले. मिरवणुकीत या गाण्यावर नाचणाऱ्यांना कवी विचारा, दहातले आठ जण गायकाचं नाव सांगतील. उरलेले दोघे म्हणतील, जुनं गाणं आहे, कुणी लिहिलं काय माहीत!

नाव हरवलं की शब्दही हरवतात. या वर्षी दोन ठिकाणी मी हे गाणं 'गाजले'च्या जागी 'जन्मले' असं गाताना ऐकलं. एका शब्दाने कवीला अडाणी ठरवून टाकलं! शिवराय जन्मले शिवनेरीवर, बाबासाहेब महूला; दोघांपैकी कुणाचाच जन्म कोकणातला नाही. कोकणात ते गाजले, आणि म्हणून 'गाजले' हा शब्द इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने निवडून ठेवलेला आहे. ज्याचं गाणं आहे त्याचं नावच कुणाला माहीत नसेल, तर चुकलेला शब्द कुणाकडे पाहून दुरुस्त करायचा?

आपल्याकडे नाव टिकवायची एक जुनी पद्धत होती. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफायचा. चोखोबांनी ते केलं म्हणून सुमारे सातशे वर्षांनंतरही अभंग कुणाचा हे विचारावं लागत नाही. सोयराबाईंनी तर 'चोखियाची महारी' अशी मुद्रा घातली. ज्या शब्दाने हिणवलं जात होतं त्याच शब्दाने सही केली. वामनदादांनी हाच मार्ग धरला. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला, आणि मग गावोगाव फिरून त्याने आयुष्यभर गाणी लिहिली, गायली. पदरात पैसा नाही, छापखाना नाही. गाणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं की परत येणार नाही हे त्यांना ठाऊक असणार. म्हणून त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटी 'वामन' येऊन उभा राहतो.

आता डीजेचं गणित पाहा. मिरवणूक चौकात थांबते तेवढ्यात धृपद वाजतं, पहिलं कडवं वाजतं, बेस वाढतो आणि पुढचं गाणं सुरू होतं. शेवटचं कडवं येतच नाही, म्हणजे 'वामन'ही येत नाही. गायन पार्टीच्या काळात असं होत नव्हतं. हार्मोनियम, ढोलकी, बुलबुल, दोन कोरस, रात्रभराचा सामना; तिथे गाणं सुरू करण्याआधी गायक कवीचं नाव घ्यायचा, आणि नाही घेतलं तर समोरची पार्टी तिथल्या तिथे टोकायची. मी डीजेविरोधी म्हातारा नाही, पोरांनी नाचावं. पण रीमिक्स करताना कात्री नेमकी कुठे लागते ते तरी पाहा.

आता खान्देशच्याच दुसऱ्या कवयित्रीकडे वळू. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. शेतकरी, विधवा, अक्षरओळख नाही. ओव्या जात्यावर नि शेतात सुचायच्या आणि हवेत विरायच्या. त्या टिकल्या कारण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, घरात त्या उतरून घेतल्या गेल्या, आणि 1951 मध्ये आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. 1952 मध्ये पुस्तक निघालं. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. रास्तच झालं, मला त्याचा अभिमान आहे. पण यातून शिकायचं ते असं की प्रतिभा एकटी टिकत नाही. वही लागते, लिहून घेणारा लागतो, छापणारा लागतो आणि वजन असलेला एक अत्रे लागतो. मुक्ताईनगर, भुसावळ, चाळीसगाव, साक्री, शिरपूरच्या वस्त्यांमध्ये ज्यांनी पन्नास-पन्नास वर्षं भीमगीतं लिहिली त्यांच्या वह्या कुठे आहेत? काही रद्दीत गेल्या, काही पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्ल्या.

आणि वर त्या गाण्यांना गोड नाव दिलं जातं: लोकगीत. मला या शब्दाचा राग येतो. लिहिणारा वरच्या जातीचा असला की ती कविता, भावगीत, नाट्यगीत. लिहिणारा वस्तीतला असला की 'लोकांनी' लिहिलं! लोक म्हणजे कोण? त्यांना आई-बाप, गाव, आडनाव काही नव्हतं?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. 2021 मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं जगभर गाजलं. त्याचे शब्द अरिवूचे, गाण्यात आवाजही त्याचा, आणि त्या शब्दांमागे मळ्यात राबलेल्या त्याच्या भूमिहीन पूर्वजांची कहाणी. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाने त्या गाण्याची दखल घेत मुखपृष्ठ छापलं आणि त्यावर अरिवूच नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारलं, लोक भडकले. अरिवू तरुण आहे, इंटरनेट त्याच्या हातात आहे, तो बोलू शकला. बोदडेंच्या पिढीला तेवढं व्यासपीठ कुणी दिलं?

आपल्यातलेच काही जण म्हणतात, भीमगीत चळवळीचं आहे, त्यात व्यक्तीचं नाव कशाला? ऐकायला हे फार उदात्त वाटतं. पण गायकाचं नाव बॅनरवर चालतं, वर्गणी देणाऱ्या नगरसेवकाचा फोटो चालतो, फक्त कवीपाशी आल्यावरच आपली निःस्वार्थ वृत्ती जागी होते. शिवाय प्रश्न पैशाचाही आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकाराचा रॉयल्टीतला हक्क मान्य केला. हक्क नावाला चिकटलेला असतो. नाव नाही, तर मागणार कोण आणि कुणासाठी? जळगाव जिल्ह्यातल्या धानवडच्या संजू राठोडला हे बरोबर कळलंय. बंजारा समाजातला पोरगा, स्वतः लिहितो, स्वतः गातो. 2024 मध्ये 'गुलाबी साडी' देशभर वाजलं तेव्हा गाणं कुणाचं हा प्रश्नच आला नाही.

मला नावांची एवढी काळजी का, तर आपला इतिहास या गाण्यांत साठवलेला आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून हे चालत आलं. गणपतीचा गण काढून तिथे नवं वंदन आणलं, गवळणीच्या जागी पाणवठ्याचा नि शाळेचा प्रश्न आणला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना महाड, काळाराम, पुणे करार, दीक्षाभूमी हे सगळं गाण्यातून कळलं. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग आपल्या दारावरून जातो. 6 डिसेंबरला दादरहून आणि दसऱ्याला नागपूरहून परतणाऱ्यांच्या पिशवीत पुस्तकाबरोबर कॅसेटही असायची.

पण या साठ्यात खान्देश किती आहे? 1929 साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीवर होते. धुळे लाईनवरच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. टांगेवाले त्यांना घेऊन जाईनात. चाळीसगावच्या आपल्या लोकांना साहेबांनी पायी चालावं हे पटेना. शेवटी टांगेवाला टांगा द्यायला तयार झाला, हाकायला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाने लगाम धरला, नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहिलंय: टांगेवाला कितीही गरीब असो, बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा तो स्वतःला वरचाच समजतो. या एका प्रसंगात प्रेम आहे, अभिमान आहे, जात आहे, अपघात आहे. शाहिराला आणखी काय हवं? माझ्या वर्षभराच्या ऐकण्यात चाळीसगावचा टांगा एकदाही आला नाही.

लळिंगचं तसं नाही. 31 जुलै 1937 ला न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले असता बाबासाहेब लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात राहिले, आणि दरवर्षी त्या तारखेला आपली माणसं पावसात, चिखलात तिथे जमतात. तिथे स्थानिक गायक गातात, अहिराणीतही गातात. अ‍ॅपच्या यादीत ही गाणी कधीच येणार नाहीत, पण या वर्षीचं माझं सगळ्यात आवडतं ऐकणं तिथलंच.

म्हणून सांगतो, पुढच्या 31 जुलैला लळिंगला येणाऱ्या प्रत्येक गायकाने गाण्याआधी कवीचं नाव आणि गाव सांगावं, आणि जयंती समित्यांनी डीजेवाल्याला वर्षातून निदान तीन गाणी शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवायला लावावीत. आणि तुमच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर फेकू नका. टेप बिघडलेली असली तरी चालेल, आतल्या कागदावर गीतकाराचं नाव छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून मला पाठवा. गायन पार्टीची वही कुणाकडे असेल तर मी स्वतः येऊन तिथेच बसून उतरवून घेईन, वही घरातून हलवायची गरज नाही.