कारवारचा शरत्काल

थोर पुरुषांचीं आत्मचरित्रें वाचीत असतां आपणांस बहुधा एका गोष्टीचा विसर पडतो. ती ही कीं, आत्मचरित्रांत एक नव्हे तर दोन काळ नांदत असतात. ज्या काळची हकीकत सांगावयाची तो एक, आणि ज्या काळीं ती लिहिली गेली तो दुसरा. हे दोन काळ एकमेकांत मिसळले म्हणजे इतिहास शोधूं पाहणाऱ्याची वाट चुकण्याचा संभव असतो. रवींद्रनाथ ठाकूर यांनीं १८८३ सालीं कारवार येथें समुद्रकांठीं घालविलेला शरत्काल हें याचें चांगलें उदाहरण होय. आणि तें आपल्या अगदीं शेजारचें असल्यामुळें त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कारवार तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. कानडा जिल्ह्याचा उत्तर भाग १८६२ सालीं मद्रासकडून मुंबईकडे आला आणि १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबईकडेच राहिला. रवींद्रनाथांचे वडील बंधु सत्येंद्रनाथ हे त्या सुमारास तेथें न्यायाधीश होते. हे गृहस्थ महाराष्ट्रास परके नव्हत. १८६३ सालीं सनदी नोकरीच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेले ते पहिले हिंदी उमेदवार. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यांत झाली, आणि तुकोबांचे अभंग त्यांनीं बंगालींत उतरविले. त्यांच्या बिऱ्हाडीं कलकत्त्याहून घरचीं मंडळी राहावयास आलीं, त्यांत बावीस वर्षांचे रवींद्रनाथ होते.

रवींद्रनाथांचा ‘जीवनस्मृति’ हा ग्रंथ १९१२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. त्यांत कारवारचें चित्र त्यांनीं मोठ्या प्रेमानें रेखाटलें आहे. डोंगरांनीं वेढलेलें लहानसें बंदर, चंद्रकोरीसारखी वांकलेली विस्तीर्ण पुळण, तिच्या कडेनें सुरूंचें बन, आणि एका टोंकास डोंगरांच्या रांगांमधून येऊन समुद्रास मिळणारी काळी नदी. एका चांदण्या रात्रीं मंडळी होडींत बसून नदीनें वर गेलीं. शिवाजी महाराजांच्या एका जुन्या डोंगरी किल्ल्यापाशीं तीं उतरलीं, आणि एका शेतकऱ्याच्या झाडून स्वच्छ केलेल्या अंगणांत बसून त्यांनीं बरोबर नेलेली शिदोरी सोडली. परततांना होडी प्रवाहावर सोडून दिली. मुखाशीं पोंचेपर्यंत बराच वेळ लागला, तेव्हां समुद्रांतून न जातां सर्वजण पुळणीवरून पायींच घरीं आले. रात्र फार झाली होती. सुरूंची नेहमींची सळसळही थांबली होती. कोणी कोणाशीं बोललें नाहीं. त्या रात्रीं रवींद्रनाथांनीं एक कविता लिहिली.

याच मुक्कामांत ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हें नाट्यकाव्य लिहिलें गेलें, आणि १८८४ सालीं तें छापून निघालें. माया व स्नेह यांचे पाश तोडून प्रकृतीवर जय मिळवूं पाहणारा एक संन्यासी आणि समाजानें दूर लोटलेली एक पोरकी मुलगी, यांची ती कथा आहे. मुलीच्या स्नेहानें संन्यासी पुन्हां जगाकडे वळतो. पण तो परत येतो तेव्हां मुलगी या जगांत उरलेली नसते. अनंत हें सान्तास टाकून मिळत नाहीं, सान्तांतच त्याची भेट होते, असा तिचा भावार्थ आहे. हें नाटक म्हणजे आपल्या पुढील सर्व लेखनाची प्रस्तावनाच होय, असें रवींद्रनाथांनीं मागाहून म्हटलें आहे. त्यांतलीं कांहीं गाणीं त्यांनीं परतीच्या प्रवासांत जहाजाच्या डेकवर बसून रचिलीं. ९ डिसेंबर १८८३ रोजीं कलकत्त्यास त्यांचा विवाह झाला.

आतां या हकीकतीकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं. किल्ल्याचीच गोष्ट घ्या. कारवारसमोर नदीच्या मुखाशीं सदाशिवगड उभा आहे, आणि रवींद्रनाथांचा किल्ला तो हाच, अशी समजूत होणें साहजिक आहे. परंतु हा गड सोंध्याच्या राजांनीं बांधिला, आणि तोही महाराजांच्या निधनानंतर. शिवाय परततांना मुखाशीं येण्यास बराच वेळ लागला, असें रवींद्रनाथ स्वतःच सांगतात. अर्थात् मुखावरचा गड या वर्णनास जुळत नाहीं. महाराजांचा या प्रांताशीं संबंध मात्र खरा आहे. १६६५ सालीं ते या बाजूस आले, तेव्हां कारवारच्या इंग्रज व्यापाऱ्यांस ११२ पौंड देऊन आपली सुटका करून घ्यावी लागली. पुढें १६७५ सालीं अंकोला, शिवेश्वर, कारवार व कद्रा हीं ठाणीं त्यांच्या हातीं आलीं, आणि त्यांपैकीं कद्रा हें काळी नदीच्याच वरच्या अंगास आहे. पण आमच्या मतें अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. १८८३ आणि १९१२ या दोन सालांच्या मध्यें १९०४ साल येतें. त्या वर्षीं सखाराम गणेश देउस्कर या बंगालवासी महाराष्ट्रीयाच्या पुस्तिकेसाठीं रवींद्रनाथांनीं ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली, आणि पुढच्याच वर्षीं वंगभंगाची चळवळ पेटली. स्मृतींतल्या किल्ल्यावर शिवरायांचें नांव आलें, तें बावीस वर्षांच्या तरुणानें नावाड्याकडून ऐकिलें होतें, कीं पन्नाशीच्या कवीनें आपल्या मनांतून तेथें कोरलें? दुसरा संभव दृष्टीआड करून चालणार नाहीं.

दुसरा दाखला याहून हृदयस्पर्शी आहे. विवाहाच्या वेळीं आपण बावीस वर्षांचे होतों, असें रवींद्रनाथ लिहितात. त्यांचा जन्म ७ मे १८६१ चा असल्यामुळें तें बरोबरच आहे. परंतु त्याच ग्रंथांत पुढें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं मृत्यूशीं आपली कायमची ओळख झाली, असें ते सांगतात. ती ओळख म्हणजे त्यांच्या वहिनी कादंबरीदेवी यांचा अंत. तो तर १८८४ सालच्या एप्रिलांत, म्हणजे विवाहानंतर पांच महिनेही पुरते झाले नसतां घडला! पंचांगांत नसलेलें हें अंतर कवीच्या मनानें मध्यें घातलें. कारवारचें चांदणें आणि तो आघात यांमध्यें कांहीं महिन्यांचाच अवधि होता, हें त्या मनास सोसवलें नसावें, असें आम्हांस वाटतें.

मग ‘जीवनस्मृति’ इतिहासाच्या कामाची नाहीं, असें म्हणावयाचें काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. स्मृति ही चित्रें रंगविते, इतिहास लिहीत नाहीं, असा इशारा ग्रंथाच्या आरंभींच दिलेला आहे. कारवारच्या कवितेविषयीं बोलतांनाही, भावना अगदीं ताजी असतां लिहिलेलें बहुधा उत्तम उतरत नाहीं, त्यास स्मरणाचें अंतर लागतें, असें कवीनें कबूल केलें आहे. तेव्हां सालें व किल्ले यांसाठीं आपण दुसरीकडे पाहावें, आणि तो शरत्काल एका मोठ्या मनांत अठ्ठावीस वर्षें कसा जिवंत राहिला, हें या ग्रंथांत पाहावें. दोन्ही शोध इतिहासाचेच आहेत.

आज कारवारचा तो किनारा रवींद्रनाथांच्या नांवानें ओळखला जातो, आणि दिवाळीच्या सुटींत तेथें येणारीं कुटुंबें तें नांव वाचून पुढें जातात. ज्या शेतकऱ्याच्या अंगणांत ती शिदोरी सुटली, त्याचें नांव मात्र ग्रंथांत नाहीं. परक्या प्रांतांतल्या, परकी भाषा बोलणाऱ्या मंडळींस त्यानें रात्रीच्या वेळीं आपलें अंगण मोकळें करून दिलें. संन्याशास जें सत्य एका पोरक्या मुलीनें शिकविलें, त्याचा कांहीं अंश त्या अंगणांतही कवीस भेटला असेल. समुद्रकांठीं चार दिवस विसावा घेऊन परततांना तुम्हीं आम्हीं यजमानाचें नांव तेवढें टिपून ठेवावें. अठ्ठावीस वर्षांनंतर स्मृति तें देईलच, असा भरंवसा नाहीं.