बालदालनानंतरचा वाचक

म्हैसूरच्या गोकुलममध्ये राहून मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. इथल्या घरपट्टीत ग्रंथालय उपकर असतो. कर्नाटकच्या १९६५च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयाचा भार असा करावर टाकला. महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्यात उपकर नाही. तिथली बहुतेक ग्रंथालये संस्थांची, सरकारी अनुदानावर चालणारी.

या दोन्हींआधी बडोद्याने वाट पाडली होती. कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच सयाजीरावांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग शाळा सुटलेल्यांनी वाचायचे काय, हा प्रश्न आला. १९१०मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, मुलांचे वेगळे दालन झाले, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

बालदालन ओलांडलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला मात्र आपल्याकडे आजही बहुधा अभ्यासिकाच मिळते: खुर्ची, दिवा आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके. रंगनाथनांच्या १९३१च्या पाच सूत्रांतले दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक देऊ करते. या वयात आपले पुस्तक कोणते, हे ठाऊक नसते आणि विचारायचा संकोच वाटतो. म्हणून कपाटाची किल्ली सांभाळणारा ग्रंथपाल इथे पुरत नाही. न विचारता दोन पुस्तके पुढे सरकवणारा आणि ती नावडली तर तिसरे काढणारा हवा. घरी मराठी, शाळेत कन्नड-इंग्रजी अशा मुलांसाठी तर तो तिन्ही भाषा वाचणारा हवा.