जबलपूरचे मोकळे खांब

जबलपुरात पाहुण्याला इमारत दाखवायची म्हटली की पाय हायकोर्टाकडे वळतात. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावरून राजा गोकुळदासांनी १८९९ साली बांधलेली ही देखणी वास्तू. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय इथे आले. भारतीय बांधकामशास्त्रात मात्र जबलपूरचे नाव झाले ते कोणी मान वर करूनही पाहणार नाही अशा, पार्किंगवर उभ्या असलेल्या फ्लॅटच्या इमारतींमुळे.

२२ मे १९९७. पहाटेचे सव्वाचार उलटून गेले होते. शहराजवळच्या कोसमघाटाखाली, सुमारे ३५ किलोमीटर खोलवर ५.८ क्षमतेचा भूकंप झाला. चाळिसेक माणसे दगावली, हजारो घरांची पडझड झाली. जेमतेम चार वर्षांपूर्वी किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींखाली माणसे गाडली गेली होती. ‘आरसीसी असेल तर घाबरायचं कारण नाही,’ हा समज तेव्हापासून पक्का होत चालला होता.

जबलपुरातल्या हिमगिरी अपार्टमेंटची पाहणी झाली आणि त्या समजाला धक्का बसला. तळमजल्याच्या एका बाजूला गाड्यांसाठी मोकळी जागा, दुसऱ्या बाजूला विटांच्या भिंती. भिंतींकडच्या कॉलमना फारसे झाले नव्हते. पार्किंगकडच्या कॉलमचे काँक्रीट फुटले होते, रिंगा तुटल्या होत्या, उभ्या सळ्या बाहेर वाकल्या होत्या. वरच्या मजल्यांवर भिंतींना तडे, बस्स! भरलेले मजले एकसंध पेटीसारखे हलले आणि सगळा ताण खालच्या मोकळ्या खांबांवर आला. एरवी ज्या विटेला अभियंता हिशेबातही धरत नाही, तिनेच अर्धी इमारत सांभाळली होती.

खांबांवर घर उचलून धरण्याची ही कल्पना वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९२०च्या दशकात मांडली. पॅरिसजवळची १९३१ची व्हिला साव्हॉय हा तिचा नमुना. चंडीगडच्या आराखड्यामुळे त्यांचे नाव आपल्याकडेही, घरोघरी नसले तरी, आर्किटेक्चरच्या वर्गावर्गांत पोचले. बिल्डरांना त्या सौंदर्यदृष्टीशी काय देणेघेणे? गाडी ठेवायला जागा हवी आणि अनेक शहरांत ती एफएसआयमध्ये धरली जात नाही, एवढे त्यांना पुरेसे होते.

नियमही ढिले होते. भूकंपाच्या नकाशावर जबलपूर तिसऱ्या झोनमध्ये होते. रिंगा किती अंतरावर घ्यायच्या, त्यांची टोके आत कशी वळवायची, हे सांगणारे १९९३चे मानक तिसऱ्या झोनमधल्या पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या रहिवासी इमारतींना बंधनकारक नव्हते. मोकळ्या तळमजल्याबद्दल तर भूकंपाच्या मुख्य संहितेत वेगळी तरतूदच नव्हती.

अभियंत्यांनी जबलपूरचे अहवाल लिहिले. शहरे पार्किंगवर इमले चढवत राहिली. २६ जानेवारी २००१ला भूज हादरले आणि केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच इमारती कोसळून शेकडो माणसे गेली. २००२च्या सुधारित संहितेत अखेर कलम आले: मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम हिशेबातल्या आडव्या बळाच्या अडीचपट बळासाठी बांधा, नाहीतर तिथे काँक्रीटच्या भिंती घाला. हे होते नव्या बांधकामांसाठी. जुन्या सोसायट्यांपुढे कॉलमना जॅकेटिंग करण्याचा, म्हणजे भोवती नवे मजबूत आवरण चढवण्याचा, मार्ग आहे. त्याचा खर्च सभेत मंजूर करून घ्यायचा तो रहिवाशांनीच.